कलावंताचे अवजार : लॅपटॉपची पारख



बेळगावच्या भूमीत रंगरेषांची परंपरा चांगली रुजलेली आहे. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या गुरूंनी येथे विद्यार्थी घडविले. पुढे बोधचित्रकार म्हणून नावलौकिक मिळविलेले रवी परांजपे (१९३५–२०२२) हे त्यांचेच शिष्य, आणि जन्मानेही बेळगावचे. त्या काळचा कलावंत कुंचला विकत घेताना त्याचे केस बोटांनी चाचपून पाहत असे आणि कागद उजेडासमोर धरून पारखत असे. आज त्याच कलावंताच्या नातवंडांच्या वयाची मुले-मुली लॅपटॉपवर काम करतात. परंतु कुंचल्याच्या वाट्याला येणारी ती पारख पुष्कळदा लॅपटॉपच्या वाट्याला येत नाही. जाहिरातीतील चकाकी पाहून किंवा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून खरेदी केली जाते. घरातील शिल्लक किंवा कर्जाची रक्कम त्यात गुंतलेली असते, आणि कर्जाचे हप्ते फिटण्यापूर्वीच यंत्र थकते.

या भागात अशा कामाची निकड मोठी आहे. उद्यमबागेतील ओतशाळांना सुट्या भागांची आरेखने लागतात. शहापूर-वडगाव परिसरात साड्या विणल्या जातात. त्यांचे काठ व पदर यांची नक्षी आता संगणकावर रेखाटता येते. बेळगाव, खानापूर व निपाणी येथील मुद्रणालयांत लग्नपत्रिका, वेष्टने, अहवाल आणि गणेशोत्सवाचे फलक यांची वर्षभर रीघ असते. ही तिन्ही कामे एकाच जातीची नव्हेत, आणि म्हणून तिन्हींना एकच लॅपटॉप योग्य ठरणार नाही. आधी काम ठरवावे, मग कामाची आज्ञावली ठरवावी आणि यंत्र सर्वांत शेवटी निवडावे. खरेदीचा खरा क्रम हाच होय.

पत्रिका, पुस्तके व छायाचित्रे यांची मांडणी करणाऱ्यास १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी इतकी सामग्री सामान्यतः पुरेशी असते. चलचित्रांचे संकलन किंवा अनेक भागांची त्रिमितीय जुळणी करणाऱ्याने मात्र ३२ जीबी रॅम, एक टीबी साठवण आणि स्वतंत्र ग्राफिक्स चिप यांची तरतूद ठेवावी. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. एकाच नावाची ग्राफिक्स चिप दोन निरनिराळ्या लॅपटॉपांत निरनिराळ्या विद्युत्शक्तीवर चालविलेली असते. त्यामुळे नाव तेच असूनही वेगात बराच फरक पडतो. शिवाय पातळ देहाचे यंत्र तापले की स्वतःच आपला वेग कमी करते. म्हणून दुकानात दोन मिनिटांची झलक पाहून समाधान मानू नये. आपलीच एखादी जड फाइल सोबत न्यावी आणि अर्धा तास काम करून पाहावे.

आज्ञावलीचा प्रश्न तर सीमाभागात विशेष महत्त्वाचा आहे. येथील मुद्रकाला एकाच फलकावर मराठी व कन्नड अशा दोन्ही लिपी मांडाव्या लागतात. अनेक मुद्रणालयांतील जुना मजकूर युनिकोडपूर्व काळातील अक्षरसंचांत साठविलेला आहे. त्यांपैकी काही जुन्या लिपी-आज्ञावली विंडोजवरच चालतात, तर काहींना यूएसबी खाचेत बसणारी लहानशी कुलूपकिल्ली लावावी लागते. नव्या, सडपातळ लॅपटॉपला जुन्या पद्धतीची यूएसबी खाच नसेल, तर ऐन वेळी जोडणी शोधत फिरावे लागते. कारखान्यांत वापरले जाणारे सॉलिडवर्क्स विंडोजसाठीच घडविलेले आहे. कोरलड्रॉची मॅकसाठीची नवी आवृत्ती २०१९ पासून उपलब्ध आहे. तरीही ज्या मुद्रणालयाशी व्यवहार करावयाचा, तेथे कोणती आवृत्ती चालते, हे आधी विचारून घ्यावे.

आता पडद्याविषयी. स्वस्त लॅपटॉपांचे पडदे रंगांचा पुष्कळ भाग दाखवूच शकत नाहीत. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असा उल्लेख असेल, तर तो पडदा रंगकामासाठी नाही असे समजावे. ‘१०० टक्के एसआरजीबी’ हा किमान दंडक ठेवावा. साडीच्या काठाचा गर्द जांभळा पडद्यावर निळसर दिसला आणि त्यावर विसंबून सूत रंगविले गेले, तर विणकराच्या श्रमाचे व सुताचे मोल कोणी भरून द्यावे? अर्थात, पडदा कितीही उत्तम असला तरी तो प्रकाशाचे रंग दाखवितो आणि छपाई शाईच्या रंगांत होते. म्हणून मोठ्या कामापूर्वी नमुनाप्रत काढण्यास पर्याय नाही.

टिकाऊपणाची कसोटी ही त्या त्या स्थळाची कसोटी असते. बेळगावचा पावसाळा दीर्घ व दमट. निपाणीच्या वखारींत तंबाखूची धूळ. आणि ओतशाळेच्या परिसरात लोखंडाचा बारीक कण. हा कण विद्युत्वाहक असल्याने यंत्राच्या अंतर्भागास विशेष घातक ठरतो. म्हणून लॅपटॉप कारखान्याच्या प्रत्यक्ष कामाच्या जागी न ठेवता बंद खोलीत ठेवावा आणि त्याचा पंखा वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून साफ करून घ्यावा. ‘लष्करी दर्जा’ या शब्दांनी भुलून जाऊ नये. एमआयएल-एसटीडी-८१० ही अमेरिकी लष्कराची चाचणीपद्धती आहे. तिच्यातील कोणत्या चाचण्या घ्यावयाच्या, हे बहुधा निर्मातेच ठरवितात. त्या कोणत्या घेतल्या, एवढे विचारावे. वळवाच्या दिवसांत विजेचा दाब एकाएकी चढतो. घरात योग्य अर्थिंग, तीन पिनांचा प्लग आणि दाबरोधक जोडणी यांवर होणारा अल्प खर्च मोठी हानी टाळतो. यंत्र सदैव विजेवरच चालत असेल, तर बॅटरी सुमारे ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय वापरावी. तिचे आयुष्य वाढते.

दुरुस्तीचा विचार खरेदीच्या दिवशीच करावा. अनेक नव्या यंत्रांत रॅम पक्की जोडलेली असते, ती पुढे वाढविता येत नाही. तेथे पहिल्याच दिवशी पुरेशी घ्यावी. ज्यांत रॅम, साठवण व बॅटरी बदलता येते, ते यंत्र दिसावयास थोडे जाड असले तरी दीर्घकाळ सोबत करते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर आहे. त्या कंपनीचे सेवाकेंद्र या दोहोंपैकी कोठे आहे, की कारागीर घरी येतो, याची चौकशी आधी करावी. गणेशोत्सवाच्या तोंडावर आठ दिवस बंद पडलेले यंत्र नुसता पैसा बुडवीत नाही, वर्षानुवर्षे जोडलेले गिऱ्हाइकही तोडते. त्यासाठीच प्रत्येक कामाची एक प्रत निराळ्या डिस्कवर आणि एक निराळ्या जागी असावी.

वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांनी एक तारीख स्मरणात ठेवावी. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जे जुने यंत्र विंडोज ११ अधिकृतपणे स्वीकारत नाही, ते स्वस्त वाटले तरी महाग पडण्याचा संभव आहे.

शेवटी, पक्की पावती. व्यवसाय नोंदणीकृत असेल, तर तिच्यावर स्वतःचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणाऱ्यासही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ संरक्षण देतो. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडेही त्यास दाद मागता येते. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे.

लॅपटॉप कोणासही कलावंत करीत नाही. ती किमया दृष्टीची आणि सरावाची. परंतु चुकीचे अवजार चांगल्या हाताला अडवू शकते. सीमाभागातील तरुण-तरुणींच्या हातांत कसब आहे. त्या कसबाला शोभेल असे अवजार त्यांनी डोळसपणे निवडावे, आणि ज्या काटकसरीने घरच्यांनी पैसा जमविला, त्याच काटेकोरपणे तो खर्च करावा.