नायकांचा बाजार आणि कामगार



विषय वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. युनियनच्या माणसाने पोरांच्या खेळावर काय बोलावे? पण जिथे माणसे पगारावर राबतात तिथे माझा विषय आलाच.

हा खेळ असा. पडद्यावर पाच-सहा जणांच्या दोन तुकड्या बंदुका घेऊन लढतात. प्रत्येकाने एक नायक निवडायचा. एकाजवळ ढाल, दुसऱ्याजवळ जखमा भरण्याची विद्या. म्हणून नाव 'हीरो शूटर'. मे २०१६ मध्ये ब्लिझार्ड कंपनीचा 'ओव्हरवॉच' आला आणि असा चालला की, जो तो मालक त्याच मालामागे लागला. त्याच महिन्यात निघालेला 'बॅटलबॉर्न' २०२१ मध्ये कायमचा बंद झाला. सोनीच्या 'कॉन्कॉर्ड'ची तर तऱ्हाच निराळी. २३ ऑगस्ट २०२४ रोजी तो ४० डॉलरला विक्रीस आला, ६ सप्टेंबरला बंद! गिऱ्हाइकांना पैसे परत मिळाले. ऑक्टोबरअखेर मात्र तो बनवणारी फायरवॉक ही संस्थाच मोडली.

चढाओढ सांगलीला नवी नव्हे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी येथे 'सीतास्वयंवर' केले, आणि पुढे नाटकमंडळ्यांत काय ईर्षा होती! आपल्या नागठाण्याचे बालगंधर्व आणि कोल्हापूरचे केशवराव भोसले, दोघांच्या मंडळ्या एकमेकींच्या स्पर्धक; तरी १९२१ साली 'संयुक्त मानापमान'साठी ते एका रंगमंचावर आले. मंडळी मोडली तरी नाटक उरे. दुसरी मंडळी ते लावी. हा खेळ कंपनीच्या यंत्रांवर चालतो. ती थांबली की काही उरत नाही. कारागिराला 'हे मी केले' म्हणून दाखवायलासुद्धा नाही.

स्पर्धा आहे ती खेळाडूच्या संध्याकाळच्या दोन तासांसाठी, आणि मित्र जिथे खेळतात तिथेच तोही जातो. ओव्हरवॉच २०२२ मध्ये फुकट झाला. ६ डिसेंबर २०२४ रोजी चीनच्या नेटईजचा 'मार्व्हल रायव्हल्स' फुकटच आला. कमाई नायकांचे पोशाख विकून. तीन दिवसांत एक कोटी खेळाडू! अशा बाजारात ४० डॉलरचा माल कोण घेणार? पण पुढचे ऐका. फेब्रुवारी २०२५ मध्ये या विजयी खेळाच्या सिएटलमधील रचनाकारांनाही कामावरून कमी केले. हरलेल्याची माणसे जातात हे समजते, जिंकलेल्याचीही जावीत?

आपल्या साखर कारखान्यांत हंगामी कामगार आहे. गाळप संपले की तो घरी बसतो, पण रिटेन्शन भत्ता मिळतो आणि पुढच्या हंगामाला बोलावणे येते. हे मालकाच्या दयेने मिळाले नाही, हे सांगलीत नि साताऱ्यात मी कुणाला सांगावे? पडद्यामागच्या कारागिराला असा दुसरा हंगाम कुणी कबूल केलेला नाही.

मे २०२५ मध्ये खुद्द ओव्हरवॉच बनवणाऱ्या सुमारे २०० जणांनी अमेरिकेत युनियन केली. ही लाट पुण्यापर्यंत आलेली आहे. तेथील सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' हा बंदुकीचाच खेळ बाजारात आणला, त्यातही निवडायला नायक आहेत. आपल्याकडची शिकलेली मुले अशाच कामाला पुण्याला जातात. दिवाळीला घरी आली म्हणजे पगार किती हे आपण विचारतोच. या खेपेस नेमणुकीचा कागद मागून पाहा, आणि कामावरून काढताना किती दिवसांची नोटीस लिहिली आहे, तेवढे वाचा.