परक्याची फौज आणि घरचा दावेदार



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून पुष्कळांना वाटेल की, वैशाखातल्या उकाड्यात दिवसभराच्या कामाने थकून आलेल्या मंडळींपुढे इराणचे राजकारण कशासाठी? शंका रास्त आहे. इराणातली राजवट असह्य झाली म्हणून, किंवा तिने हाकलून दिले म्हणून, पुष्कळ माणसे युरोप-अमेरिकेत जाऊन राहिली. त्यांचे निरनिराळे गट आहेत. इराणी जनतेच्या वतीने आपणच बोलतो, असे प्रत्येक गट म्हणतो, आणि परकी सरकारे कधी एकाच्या, कधी दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवतात. अशा गटांवर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न तेहरानच्या माणसाइतकाच मानपाड्याच्या माणसाचाही आहे, असे आमचे म्हणणे आहे. कारण ज्या जमिनीवर आपण या घटकेला बसलो आहोत, ती जमीनच एकदा अशा व्यवहारात हातची गेली होती.

आपले हे मानपाडे साष्टी बेटावरचे. घोडबंदरच्या रस्त्याने शेवटपर्यंत जावे, तो खाडी लागते आणि पलीकडे वसई. ही साष्टी मराठ्यांनी 1737 साली पोर्तुगीजांकडून घेतली आणि दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. त्या मोहिमेत किती घरे उजाड झाली, हे येथे सांगण्याचे कारण नाही. पुढे अवघ्या पस्तीस-छत्तीस वर्षांनी हाच मुलूख इंग्रजांच्या नावे करून देण्याच्या कागदावर सही झाली, आणि ती करणारे गृहस्थ चिमाजी अप्पांचे सख्खे पुतणे होते.

राघोबादादा काही क्षुद्र पुरुष नव्हते. त्यांच्याच स्वारीत 1758 साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. परंतु 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रामशास्त्री प्रभुण्यांनी त्याचा दोष दादांच्या पदरी घातला, आणि नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदी कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान रचून त्यांना पदच्युत केले. 1774 च्या एप्रिलमध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, तेव्हा दादांच्या गादीवरील हक्काचा उरलासुरला आधारही गेला. ते गुजरातेत गेले आणि मुंबईकर इंग्रजांशी बोलणी करू लागले.

आता इंग्रजांचे वागणे पाहा. त्यांनी मदतीचे मोल म्हणून साष्टी व वसई मागितली. दादांनी प्रथम नकार दिला, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण इंग्रज होकारासाठी थांबले नाहीत. पोर्तुगीजांचे आरमार येत आहे, ते ठाणे घेईल, असे निमित्त करून त्यांनी 1774 च्या डिसेंबरअखेरीस ठाण्याचा किल्ला लढून घेतला. म्हणजे दुकानदाराने किंमत आधीच गल्ल्यात टाकली. मग 1775 च्या मार्चमध्ये, दादांचा पक्ष अगदी खालावला असता, सुरतेस तह झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी. दादांनी साष्टी-वसई द्यावी, फौजेचा खर्च सोसावा आणि तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवावे. साष्टी तर अगोदरच गेली होती. दादांच्या सहीने इंग्रजांना तिची पावती तेवढी मिळाली.

येथे पहिला धडा आहे. मदत देणारा परका आपल्या गरजेचा हिशेब घेऊन येतो. दावेदार त्याला निमित्तापुरता लागतो. आपल्याला फौज मिळाली असे दावेदारास वाटते. फौजेला दावेदार मिळाला, ही त्याची दुसरी बाजू त्याच्या ध्यानात येत नाही.

दुसरा धडा वडगावचा. मधल्या काळात कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारने सुरतेचा तह अमान्य केला आणि 1776 साली पुरंदरास नवा तह करून दादांना पेन्शनीवर बसवायचे ठरवले. साष्टी मात्र आपल्याकडे ठेवून घेतली. मुंबईकरांचा हव्यास सुटला नाही. 1778 च्या अखेरीस सुमारे चार हजारांची फौज दादांना बरोबर घेऊन बोरघाट चढली. घाट चढला की मराठे सरदार दादांना येऊन मिळतील, पुणे आपोआप उघडेल, अशी खात्री देण्यात आली होती. प्रत्यक्षात नाव घेण्याजोगा एकही सरदार आला नाही. ज्याला आपले लोक ‘इष्टुर फाकडा’ म्हणून आजही ओळखतात, तो कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ पडला, दाणावैरण तुटली, आणि 1779 च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांना शरणागतीचा करार करावा लागला. दादांनी स्वतःस महादजी शिंद्यांच्या स्वाधीन केले.

सरदार का आले नाहीत? दादांवर सर्वांचा राग होता म्हणून नव्हे. पुण्यातही त्यांचा पक्ष धरणारे होते. पण गोऱ्या फौजेच्या पालखीतून येणारा पेशवा हा आपला पेशवा नव्हे, हे जो तो मनात ओळखून होता. परमुलखात बसलेल्या माणसाला स्वदेशातून पत्रे येतात, निरोप येतात. सारे आपल्याच बाजूचे आहेत असे त्याला वाटू लागते, आणि तो ते आश्रयदात्याला सांगतो. आश्रयदात्याला तेच ऐकायचे असते. अशी दोघे मिळून एकमेकांची फसवणूक करतात आणि त्याची किंमत तिसराच भरतो.

शेवट थोडक्यात सांगतो. 17 मे 1782 रोजी सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी वसई परत केली आणि दादांचा पक्ष सोडला. दादांना दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली. ते कोपरगावी गेले आणि 1783 च्या डिसेंबरात वारले. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. खाडीपलीकडे डोंबिवलीजवळही एक मानपाडे आहे. ते कल्याणच्या बाजूचे. लढाईतली दोन-तीन वर्षे सोडली, तर तो मुलूख 1817 पर्यंत पेशव्यांकडे राहिला. आपला मात्र 1774 मध्येच गेला. मानपाडे ते मानपाडे हे अंतर आज आपण तासाभरात काटतो. एका सहीने त्या दोहोंत त्रेचाळीस वर्षांचे अंतर पाडले होते. आणि धडा कोणी घेतला म्हणाल, तर दादांच्या पुत्रानेही घेतला नाही. 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावांनी समोरच्या त्याच वसईत इंग्रजांशी तह केला. त्यांना गादी परत मिळाली, आणि सोळा वर्षांत राज्य गेले.

आता इराणकडे वळू. इराणी माणसाच्या मनातही एक साष्टी आहे. मोसद्देक यांनी 1951 साली तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. 1953 च्या ऑगस्टमध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्या हेरखात्यांनी त्यांचे सरकार उलथले आणि देश सोडून गेलेल्या शहाला परत आणून बसवले. ही गोष्ट तेथील घराघरांत ठाऊक आहे. म्हणून परक्यांच्या पाठिंब्याने कोणी बोलू लागला, की तेथल्या माणसाचे कान टवकारतात. शहाचे पुत्र रझा पहलवी यांना हा वारसा वागवावाच लागतो.

मुजाहिदीन-ए-खल्क या संघटनेचे उदाहरण तर वडगावची आठवण करून देणारे आहे. शहाविरुद्ध लढलेली आणि पुढे खोमेनींच्या राजवटीच्या छळाला तोंड दिलेली ही मंडळी. त्यांचे कितीतरी लोक फासावर गेले. पण 1986 साली त्यांचे पुढारी सद्दामच्या इराकात गेले, आपल्या देशाशी युद्ध चालू असता शत्रूच्या छावणीत राहिले, आणि 1988 च्या जुलैमध्ये त्यांची फौज सरहद्द ओलांडून इराणात शिरली. लोक उठून मिळतील, ही आशा होती. लोक उठले नाहीत. त्या चढाईचा चुराडा झाला, आणि राजवटीने त्याच उन्हाळ्यात तुरुंगातल्या हजारो निःशस्त्र कैद्यांना ठार मारून सूड घेतला. किंमत तिसराच भरतो, असे आम्ही मघाशी म्हटले, ते याच अर्थाने. इराकचे अहमद चलबी यांचीही हीच कथा. 2003 च्या युद्धापूर्वी वॉशिंग्टनला ते मोठे वजनदार वाटत. 2005 च्या डिसेंबरातल्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

मग परागंदा झालेला प्रत्येक माणूस अविश्वसनीय समजायचा काय? मुळीच नाही. ज्या देशात विरोधी शब्द उच्चारला की तुरुंग मिळतो, तेथला माणूस बाहेर जाऊनच बोलणार. तो देश सोडून गेला, हा दोष राजवटीचा आहे. आपल्या शेजारच्या गोव्याचेच पाहा. त्रिश्तांव ब्रागांझा कुन्हा यांना पोर्तुगीजांनी 1946 साली पकडून पोर्तुगालच्या किल्ल्यात डांबले. सुटून ते अखेर मुंबईस आले, परमुलखातूनच गोव्याचा कैवार घेत राहिले आणि 1958 साली, मुक्ती न पाहताच, मुंबईत वारले. मोहन रानडे 1955 साली पकडले गेले, ते 1969 सालीच सुटले. गोवा मुक्त होऊनही सात वर्षे ते लिस्बनच्या तुरुंगात होते. या माणसांनी भारताची मदत मागितली, हे खरे. पण त्यांनी आपल्या भूमीचा तुकडा कोणाला लिहून दिला नव्हता, आणि जी शिक्षा गोव्यातल्या माणसाला होती तीच त्यांनी स्वतः भोगली होती.

केवळ यश ही कसोटी मात्र मानू नये. खोमेनीही पॅरिसजवळच्या खेड्यातून 1979 साली परतले. मशिदीमशिदींतून त्यांचे लोक होते, म्हणून ते यशस्वी झाले. मुळे देशात असली म्हणजे माणूस सत्तेपर्यंत पोचतो. ती सत्ता तो कशी वापरील, हा प्रश्न तरीही उरतोच.

म्हणून आमची विनंती एवढीच. दूरदेशातल्या एखाद्या दावेदाराचे भाषण ऐकून टाळी वाजवण्यापूर्वी, किंवा त्याला कोणाचा हस्तक म्हणून झिडकारण्यापूर्वी, चार प्रश्न विचारावेत. देशात राहून ज्यांच्या मानेवर सुरी आहे, ते याला आपला म्हणतात काय? मदतीच्या बदल्यात याने काय लिहून दिले आहे, आणि तो कागद त्याच्या लोकांना दाखवला आहे काय? उद्या आश्रयदात्याने अंग काढून घेतले, तर याच्यामागे कोण उरेल? आणि सत्ता हाती आली, तर आपल्या विरोधकाला हा देशात राहू देईल काय? 2022 साली इराणातल्या मुली राजवटीपुढे निर्भयपणे उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्यामागे परक्याची फौज नव्हती. त्यांच्या नावाने बाहेर बोलणाऱ्याने निदान या चार प्रश्नांची उत्तरे त्यांना द्यावीत.

आज घरी जाताना घोडबंदरच्या रस्त्यावर क्षणभर थांबा. या जमिनीचा सौदा झाला, तेव्हा येथे राहणाऱ्या कोळी-कुणबी-आगऱ्यांना कोणी विचारले नव्हते. जो दावेदार विचारतो, त्याचेच म्हणणे ऐकून घ्यावे.