कमी उजेडातले चेहरे आणि लेन्सची निवड

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधीच्या वक्त्यांनी शिष्यवृत्त्या, स्पर्धा परीक्षा आणि मुलींचे उच्च शिक्षण अशा मोलाच्या विषयांवर आपले विचार मांडले. त्या मानाने माझा विषय आपल्याला किरकोळ वाटेल. कॅमेऱ्याला कोणती लेन्स लावावी, हा काय भाषणाचा विषय झाला? पण गेल्या दोन वर्षांत अनेक पालकांनी शाळेच्या फाटकाशी थांबवून मला हाच प्रश्न विचारला आहे. कोणाचा मुलगा लग्नांचे फोटो काढू लागला आहे, कोणाची मुलगी मेहंदीच्या कार्यक्रमांना कॅमेरा घेऊन जाते. लेन्ससाठी जे पैसे जातात ते बापाने आखातात किंवा बोटीवर राबून पाठवलेले असतात. म्हणून हा विषय घेतला.

प्रथमच कबूल करतो, की मी बी. ए., बी. एड. आहे. मराठी आणि इतिहास शिकवतो. शाळेचा कॅमेरा माझ्याकडे आला तो दुसरे कोणी घेईना म्हणून. जे शिकलो ते चुकांतून शिकलो, आणि त्यातल्या दोन चुका आज सांगणार आहे.

पहिली चूक बक्षीस समारंभातली. दहावीत शाळेत पहिली आलेली मुलगी पाहुण्यांच्या हातून चषक घेत होती. वडील बोटीवर होते. फोटोची वाट पाहत होते. संध्याकाळची वेळ, सभागृहात चार ट्यूबलाइट. मी मागे, खुर्च्यांच्या पलीकडे उभा. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची झूम लेन्स पूर्ण लांबवली होती. चार फोटो काढले. चारही हलले. मुलीच्या चेहऱ्याच्या जागी एक पुसट पांढरा डाग, आणि मागचा फलक मात्र अक्षर न् अक्षर वाचता येईल इतका स्पष्ट! दुसऱ्या दिवशी तिला तोच चषक देऊन अंगणात उभे केले आणि फोटो काढून पाठवला. वडिलांनी आभार मानले. पण टाळ्या वाजत असताना तिचा चेहरा कसा दिसत होता, ते त्यांना दाखवणे माझ्या हातून राहिले ते राहिलेच.

असे का झाले? लेन्समध्ये उजेड आत घेणारे एक छिद्र असते. त्याला अ‍ॅपर्चर म्हणतात आणि त्याचे माप ‘एफ’ या आकड्याने सांगतात. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. हे उलटे वाटते, पण गणित सरळ आहे. विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला नाभीय अंतर म्हणतात, त्याला छिद्राच्या व्यासाने भागले, की हा आकडा येतो. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ ला उघडली, तर छिद्र सुमारे २८ मिलिमीटरचे होते. माझी झूम लेन्स लांबवल्यावर एफ ५.६ च्या पुढे उघडतच नव्हती. एफ ५.६ आणि एफ १.८ यांत उजेडाचा फरक साडेनऊ पटींहून अधिक आहे. त्या दिवशी कॅमेऱ्याने सेकंदाचा पंधरावा भाग इतका वेळ शटर उघडे ठेवले. तेवढ्यात माणूस मान वळवतो, हात पुढे करतो. एफ १.८ ची लेन्स असती, तर तोच फोटो १/१२५ सेकंदात निघाला असता. कोणी म्हणेल, आयएसओ वाढवायचा. मी १६०० वर होतो. त्याहून वाढवला असता, तर चेहऱ्यावर रव्यासारखे कण आले असते. आणखी कोणी म्हणेल, लेन्समध्ये हादरे रोखण्याची सोय असते. असते, पण ती फोटो काढणाऱ्याचा हात सावरते. समोरचा माणूस हलला, तर तिचा काही उपयोग नाही.

म्हणून ज्या लेन्सा झूम होत नाहीत, एकाच नाभीय अंतरावर पक्क्या असतात आणि भरपूर उघडतात, त्या घ्याव्या लागतात. फोटोग्राफर त्यांना प्राइम म्हणतात. ही कल्पना नवी नाही. १८४० मध्ये व्हिएन्नात योझेफ पेट्झव्हाल या गणिताच्या प्राध्यापकाने खास चेहऱ्यांसाठी जास्त उजेड घेणारी लेन्स आखली. तोपर्यंत फोटो काढून घेणाऱ्याला पुतळ्यासारखे बसून राहावे लागे. त्या बिचाऱ्यांचा त्रास या लेन्सने पुष्कळच कमी केला.

आता पालकांच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. दुकानदार एकाच ५० मिलिमीटरच्या दोन लेन्सा पुढे ठेवतो. एक एफ १.८ ची, दुसरी एफ १.४ ची. दुसरी पुष्कळ महाग. मुलगा म्हणतो, दुसरी हवी. इथे थांबा आणि हिशेब करा. एफ १.८ वरून १.४ वर गेल्याने उजेड सुमारे १.६५ पट वाढतो. १/१२५ चे १/२०० होते, एवढेच. झूम लेन्सवरून १.८ वर येताना साडेनऊ पट मिळाले होते! माझे स्पष्ट मत असे आहे, की ज्याने अजून या कामातून शंभर रुपये मिळवलेले नाहीत, त्याने १.४ च्या मागे लागू नये. निकॉनच्या दोन लेन्सा पाहा. २०११ मध्ये आलेली ५० ची १.८ जी ही १८५ ग्रॅमची आहे, आणि २००८ ची १.४ जी ही २८० ग्रॅमची. मोठी लेन्स वाईट नाही. पण तिचा फायदा ज्याला ओळखता येतो, त्याला ती घेण्याची घाईही नसते.

छिद्र जितके मोठे, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. शाळेच्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स एफ १.८ ला उघडून एक मीटरवरून चेहरा टिपला, तर जेमतेम तीन सेंटिमीटरचा थर स्पष्ट येतो. डोळा स्पष्ट आणि कान धूसर. स्टॅन्ले कुब्रिक या दिग्दर्शकाने ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटातली काही दृश्ये मेणबत्त्यांच्या उजेडात एफ ०.७ च्या लेन्सने घेतली. तेव्हा नटांना जागचे फारसे हलण्याची मुभा नव्हती. आपल्या घरची लहान मुले असे ऐकतील काय? मी स्वतः नवी लेन्स आल्याच्या आनंदात शिक्षकांचा समूहफोटो एफ १.८ वर काढला. पुढच्या रांगेतले लख्ख आणि मागच्या रांगेतले सगळे धुक्यात! मागच्या रांगेत मुख्याध्यापक होते. दोन रांगा असतील, तर एफ ४ किंवा ५.६ वर यावे. एकच चेहरा असेल, तर कॅमेऱ्याला मोकळे सोडू नये. एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा.

आता दुसरी चूक. ही मला अधिक लागते, कारण पैसे माझे नव्हते.

आमची एक माजी विद्यार्थिनी बायकांच्या कार्यक्रमांचे फोटो काढते. मेहंदी, हळद, निकाहच्या दिवशी नवरीकडची खोली. तिथे पुरुष फोटोग्राफर जात नाही, तेव्हा तिला मागणी चांगली आहे. तिने कुठेतरी पाहून ८५ मिलिमीटरची एफ १.४ ची लेन्स ठरवली होती. वडिलांचा फोन आला, “सर, मुलगी म्हणते ही घेऊ या. तुमचा शब्द पाहिजे.” मी ठामपणे सांगितले, की एवढा खर्च करू नका, ५० ची एफ १.८ घ्या. शाळेच्या सभागृहात माझे तिच्यावर उत्तम चालले होते ना! त्यांनी माझा शब्द मानला.

पहिल्याच मेहंदीला ती गेली, ती दहा बाय बारा फुटांच्या खोलीत. पाठ कपाटाला टेकली, तरी नवरी, तिचे दोन्ही हात आणि शेजारी बसलेली आई एका चौकटीत मावेनात. दारात उभे राहावे, तर बायकांची ये-जा. तिने मला दोष दिला नाही. “सर, खोली लहान होती,” एवढेच म्हणाली.

चूक अशी, की मी उजेडाचा हिशेब सांगितला आणि अंतराचा विसरलो. आमच्यासारख्या साध्या कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. त्यामुळे निकॉनच्या अशा कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स ७५ सारखी दिसते, आणि ८५ ची जवळजवळ १२८ सारखी. उभ्या माणसाचा डोक्यापासून पायांपर्यंत फोटो कॅमेरा उभा धरून घ्यायचा, तर ८५ ला सुमारे २१ फूट मागे जावे लागते, ५० ला साडेबारा फूट, ३५ ला नऊ फुटांच्या आत. आता आपापल्या घरातली खोली डोळ्यांसमोर आणा. आपल्यापैकी किती जणांकडे २१ फुटांची मोकळी जागा आहे? ८५ ची लेन्स मंगल कार्यालयात, मैदानावर, रंगमंचासमोर सुरेख काम देते. चेहरा तीत फार शोभतो. पण घरातल्या खोलीत तिच्यातून फक्त डोके आणि खांदे मिळतील. मग ती एफ १.४ असो वा १.८.

तेव्हा आधी विचारायचे, की मी किती मागे जाऊ शकतो. त्यावरून ३५, ५० की ८५ ते ठरेल. एफचा आकडा नंतर. मी हा क्रम उलटा लावला, आणि त्याची किंमत तिच्या वडिलांनी मोजली.

पुढे तिने ५० ची लेन्स विकली आणि थोडी भर घालून ३५ ची, डीएक्स, एफ १.८ जी घेतली. ही २००९ ची लेन्स आहे, वजन २०० ग्रॅम. लहान खोलीत ती छान चालते. मात्र तिलाही एक पथ्य आहे. चेहऱ्याच्या फार जवळ गेले, की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. हा दोष लेन्सचा नसून जवळ जाण्याचा आहे. ती मुलगी आता चार-पाच फुटांच्या आत जात नाही. नंतर फोटो कापून चेहरा मोठा करते. एक गोष्ट तिनेच मला शिकवली. ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्याला दिसत नाही, पण फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/१०० वर ठेवले, की पट्टे जातात.

मोबाईलबद्दल विद्यार्थी विचारतील. मोबाईलमधला धूसरपणा बहुतेक हिशेबाने काढलेला असतो. ओढणीची झालर आणि उडणारे केस यांच्याशी त्याचे फारसे पटत नाही. पण घरच्यासाठी तेवढे पुरते. लेन्स घ्यायची, ती कामासाठी.

वापरलेली लेन्स घेणार असाल, तर दोन गोष्टी पाहा. निकॉनच्या ‘डी’ अक्षराच्या जुन्या लेन्सांना स्वतःची मोटर नसते. डी ३००० आणि डी ५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांवर त्या आपोआप फोकस करत नाहीत. ‘एएफ-एस’ लिहिलेली घ्या. पुढेमागे मिररलेस कॅमेरा घेतला, तरी अ‍ॅडॅप्टर लावून ती चालेल. आणि आपल्या कोकणात बुरशी ही मोठी काळजी आहे. लेन्स पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले, तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या पाकिटात कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावी.

शाळेकडे आता ३५ आणि ५० अशा दोन्ही लेन्सा आहेत. त्या कार्यालयाच्या कपाटात असतात. कोणाला घ्यायची असेल, त्याने शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे यावे, वहीत सही करून कॅमेऱ्यासह घरी न्याव्यात, रात्री आपल्याच खोलीत, आपल्याच दिव्याखाली, आईचा एक फोटो दोन्हींनी काढून पाहावा, आणि सोमवारी पहिल्या तासाआधी परत आणून द्याव्यात.