साथीच्या लाटा आणि दवाखान्याचे दार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यासपीठावर बोलण्याची मला सवय नाही. माझे आयुष्य सिस्टर म्हणून कॅज्युअल्टीत, म्हणजे रोगी प्रथम जेथे येतो त्या दाराशी गेले. तेव्हा त्या दाराविषयीच चार शब्द सांगते.

कोरोनाची पहिली लाट २०२० च्या सप्टेंबरात भरास आली. त्याच दिवसांत साप चावलेले, फवारणीचे विष बाधलेले शेतकरीही येत. सर्वांना दार एकच. मग आम्ही दोन वाटा केल्या. ताप-खोकला एकीकडे, बाकीचे दुसरीकडे. आधी कोणास पाहायचे, ते बोटाला यंत्र लावून, रक्तातील प्राणवायू मोजून ठरवू लागलो.

एके रात्री एक बाई तरुण मुलाला घेऊन आली. ती स्वतःही खोकत होती. मी विचारले, तर म्हणाली, "मले काई नाही झालं बाई, पोराले पाहा आधी." मुलगा सावरला. बाई मात्र बाकावर बसल्या जागीच कलंडली. प्राणवायू लावला, पालथे झोपविले. पण ती वाचली नाही. तिच्या बोटाला यंत्र लावण्यास मला एक मिनिटही लागले नसते. ही चूक माझी.

साथ सरली असे वाटत असतानाच २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती-अकोल्याकडे दुसरी लाट उसळली. अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. एप्रिलात खाटा भरल्या, प्राणवायूच्या साठ्याकडे डोळे लागले. परंतु या वेळी दारात येणाऱ्या प्रत्येकाचे, सोबत्याचेसुद्धा, बोट आम्ही तपासले. २०२२ च्या जानेवारीतील तिसऱ्या लाटेत बहुतेकांचा आजार सौम्य होता. पण सिस्टर मंडळीच पाळीपाळीने आजारी पडली.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झातही दुसरी लाट पहिलीहून घातक ठरली होती. लाट ओसरली की आपण विसरतो. दोन वाटांमधले पडदे निघतात, यंत्रे कपाटात जातात.

भगिनींनो, आपल्या कपाटातले ते यंत्र काढा, त्याचे सेल बदला. अशा साथीत ताप-खोकला आला तर बोट पाहा. सहा मिनिटे घरातच चालून पुन्हा पाहा. आकडा ९४ च्या खाली गेला, तर दवाखाना गाठा. मुलाला घेऊन गेलात तरी आपलेही बोट पुढे करा. "मला काही झाले नाही" असे म्हणण्याआधी एवढे कराच.