निराधार वृद्ध आणि आपले दान



दरवर्षी हिवाळ्यात खेड्यांतील वृद्धांना आपण ब्लँकेटे वाटतो. मी कापडाचा व्यापारी. त्या वाटपाची बिले अनेकदा माझ्याच दुकानात फाडली गेली आहेत. तेव्हा आजचे बोलणे मला तोट्याचेच! परंतु ज्या वृद्धेला आपण ब्लँकेट दिले, तिने बारा महिने तेल-मीठ व औषधपाणी कशातून करावे?

राज्य शासनाच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मिळतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आधारशी जोडलेले बँक खाते आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. जन्मभर खुरपे धरलेल्या बोटांचे ठसे झिजतात. यंत्र ते ओळखत नाही आणि तालुक्याची फेरी वाया जाते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी. मोफत आहे, हे उत्तमच. पण स्टँडपासून कचेरीपर्यंत हात धरायला कोण आहे?

माझी नम्र सूचना अशी की, वाटपाची निम्मी रक्कम बाजूला काढून एक होतकरू तरुण मानधनावर नेमावा. त्याने गावोगाव अर्ज भरावेत, ठसा न जुळल्यास बुबुळांच्या पडताळणीचा आग्रह धरावा, मंजुरीपर्यंत पाठपुरावा करावा. एक अर्ज मंजूर झाला की त्या घरात वर्षाला १८ हजार रुपये येतात. एवढ्या किमतीचे ब्लँकेट माझ्या दुकानात तरी नाही! या कामाचे छायाचित्र मात्र वर्तमानपत्रात छापून येणार नाही, हे आधीच सांगतो.

पहिल्या वर्षाच्या मानधनाचा धनादेश मी आजच कोषाध्यक्षांकडे सुपूर्द करीत आहे.