जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळाच्या संबंधांत ऐकतों. आज मला बोलावयाचें आहे तें एका मोटारगाडीच्या जीर्णोद्धाराविषयीं. इंग्लंडांतील रोल्स-रॉईस कंपनीनें १९०६ पासून १९२६ पर्यंत एका जातीच्या सहा सिलिंडरांच्या गाड्या बनविल्या. त्यांपैकीं रुपेरी रंगाच्या एका गाडीनें १९०७ सालीं सुमारें १५,००० मैलांची चांचणी दिली. तिचें 'सिल्व्हर घोस्ट' हें नांव पुढें साऱ्या जातीला चिकटलें.

कंपनी चौकट, चाकें व यंत्र देई. वरची बांधणी बार्करसारखे कारागीर गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणें करीत. त्यामुळें एका गाडीचा दरवाजा दुसरीला बसेलच असें नाहीं.

पहिली अडचण लाकडाची. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा दिसतो, पण आंत बहुधा ॲश नांवाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा असतो. तो ओलीनें कुजतो. बदलावयाचा म्हणून पत्रा उचकटावा, तर शंभर वर्षांचा तो पत्रा कडांना फाटतो.

दुसरी अडचण यंत्राची. सिलिंडर तीन-तीनांच्या दोन गटांत बिडाचे ओतलेले असून त्यांचें झांकणही त्यांच्याशीं एकजीव आहे. पाणी खेळणाऱ्या पोकळीला चीर गेली, तर नुसतें झांकण बदलून भागत नाहीं. बिडाला सांधा देतांना घाईनें तापविलें वा निवविलें, कीं शेजारीं नवी चीर पडते.

तिसरी अडचण मात्र माणसाच्या मनाची. मूळचा रंग कुंचल्यानें थरावर थर देऊन चढविलेला असे. आज तो खरवडून आरशासारखा रंग फवारतां येतो. गाडी मग जन्मली त्या दिवसापेक्षांही झगझगीत दिसते. परंतु जुन्या कारागिराचा हात तिच्यावरून पुसला गेलेला असतो. उलट, सारेंच जसेंच्या तसें ठेवावें, तर कुजका सांगाडा भार पेलणार नाहीं, आणि झिजलेल्या ब्रेकांची गाडी रस्त्यावर न्यावी तर जिवाशीं गांठ.

मग करावें काय? माझें मत असें कीं, जें जिवाला धोका देतें किंवा उरलेल्या भागास कुजवितें, तें निःसंकोच बदलावें. जें केवळ जुनें दिसतें, त्यास हात लावूं नये. बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद ठेवावी आणि काढलेला तुकडा जपावा. नवेपण केव्हांही आणतां येतें. जुनेपण एकदां खरवडलें कीं कोणत्याही किंमतीस परत मिळत नाहीं. आपल्या घरांतील आजोबांची शिसवी पेटी पॉलिशवाल्याकडे धाडण्यापूर्वींही एवढा विचार अवश्य करावा.