गोळी, इंजेक्शन आणि एक रकाना
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील मनोगत)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि औषध साहाय्य निधीचा हिशेब पाहताना यंदा जो धडा मिळाला, तो आपल्यापुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झाल्यास मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी निकामी होऊ शकते. १९३७ साली हॅरॉल्ड शीहान यांनी या विकाराचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या देशात तो अद्याप आढळतो. अशा एका भगिनीला आपल्या निधीतून वृद्धिसंप्रेरकाचे इंजेक्शन मिळत होते. सोबत इस्ट्रोजेनची गोळी होती. "पाळीची गोळी आता कशाला?" असे वाटून घरच्यांनी ती बंद केली. इंजेक्शन मात्र पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिले. काही आठवड्यांत पायांवर सूज आली, सांधे दुखू लागले, रात्री बोटांना मुंग्या येऊ लागल्या, रक्तातील साखर वाढली.

आमच्या डॉक्टरांनी कारण उलगडून सांगितले. वृद्धिसंप्रेरकाचे बरेचसे कार्य यकृतात तयार होणाऱ्या आयजीएफ-१ या द्रव्यामार्फत होते. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन आतड्यातून प्रथम यकृतात जाते आणि ही निर्मिती मंदावते. म्हणून गोळी घेणाऱ्या स्त्रीला इंजेक्शनची मात्रा अधिक लागते. गोळी थांबली की तीच मात्रा जास्त ठरते. त्वचेवरील जेल अथवा पट्टीतून मिळणारे इस्ट्रोजेन थेट रक्तात मिसळत असल्याने त्याचा असा परिणाम फारसा होत नाही. त्यामुळे गोळीऐवजी जेल सुरू करतानाही रक्ततपासणी करून मात्रा नव्याने ठरवावी लागते.

मात्रा कमी केल्यावर त्या भगिनीला उतार पडला. परंतु दोष केवळ घरच्यांचा नव्हता. आमच्या साहाय्यपत्रावर निधीतून दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनचीच नोंद होती; गोळी त्या बाहेरून विकत घेत असल्याने तिला तेथे जागाच नव्हती. हिशेबनिसाच्या दृष्टीने नोंद पुरी होती, उपचाराच्या दृष्टीने अपुरी. आता त्या पत्रावर 'इतर सर्व औषधे व त्यांतील बदल' असा रकाना असून तो भरल्याविना पुढील इंजेक्शन दिले जात नाही.

देणगीदारांनी हेही जाणावे, की स्वस्त गोळीपायी महागड्या इंजेक्शनची मात्रा वाढू शकते. केवळ एका औषधाची किंमत पाहून बचत ठरवता येत नाही. हा निर्णय डॉक्टरांचाच राहील. आमचे काम त्यांच्यापुढे पूर्ण नोंद ठेवण्याचे.

आप्तजनांना हात जोडून विनंती, की कोणतीही गोळी, ती कितीही क्षुल्लक वाटो, विचारल्यावाचून बंद करू नये. पैशाची अडचण असल्यास संकोच न करता आमच्याकडे यावे. आपण दिलेला निधी त्यासाठीच आहे.